आधी नको म्हणायचं

मावशीकडे आल्यावर मी पहिलं वाक्य बोलले त्याला सगळं घर हसलं, आणि दुसरं वाक्य बोलायला मी बरेच दिवस घेतले. वाक्य काही मोठं नव्हतं. डोंबिवली स्टेशनात उतरून भातशेतांच्या बांधावरून चालत आम्ही घरी पोचलो होतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची पेटी ओसरीवर टेकवली होती. मावशीची मुलगी सुधा, माझ्याच वयाची, परकराला हात पुसत मला न्याहाळत उभी होती. तिनं विचारलं, "पाय धुवायला विहिरीवर येतेस का?" मी म्हणाले, "हो, मी येतो." सुधा तोंडावर हात ठेवून आत पळाली. "आई, ही 'मी येतो' म्हणते! मुलगा आहे का गं ही?" आतून काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, मोठ्यानं हसणं ऐकू आलं. ओसरीवर आबाही ओशाळं हसले. आमच्या वऱ्हाडात बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. माझी माय असंच म्हणायची, तिची माय असंच म्हणायची, आणि त्यामुळे कुणाला मिशा फुटल्याचं मी ऐकलं नव्हतं. फक्त मावशी हसली नाही. ती माझ्या मायची सख्खी धाकटी बहीण, लग्न होऊन कोकणातल्या माणसांत येऊन पडलेली. तिनं दारातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. मला वाटलं, ती रागावली.

माय गेल्यावर घरात बाईमाणूस उरलं नव्हतं. आबा खेड्यातल्या शाळेत मास्तर. सकाळी मला भाकर करून घालायची, वेणी घालायची आणि मग शाळेत जाऊन तीच पिठाची बोटं घेऊन फळ्यावर लिहायचं, हे त्यांनी काही महिने करून पाहिलं. वेणी त्यांना कधी जमली नाही. मग मावशीचं बोलावणं आलं आणि मला इथं पोचवायचं ठरलं. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घरात कोनी बाईमानूस आलं का मी तुले न्याले येतो, माय. तोवर मावशीपाशी राह्यजो." आमच्याकडे बाप लेकीलाही लाडानं माय म्हणतो. ते शेताच्या बांधावरून धोतर सावरत गेले, वळून पाहिलं नाही. त्यानंतरची सगळी वर्षं मी त्यांच्या त्या एका बोलण्यावर काढली. येणार आहेत, न्यायला येणार आहेत, एवढंच मला ठाऊक होतं.

मावशीचं घर कौलारू, बसकं, मागं विहीर आणि विहिरीपलीकडे निवडुंगाचं कुंपण. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन, स्टेशनाभोवती थोडी घरं आणि मग शेतं. कुंपणाच्या पलीकडून आगरी लोकांच्या बैलगाड्या जायच्या, त्यांच्यातून कधी गवताचा तर कधी सुक्या मासळीचा वास यायचा. पहाटे विहिरीचा रहाट कुरकुरायला लागला की काकांचं खाकरणं सुरू व्हायचं, मग मावशीच्या खवणीचा आवाज. नारळ खवण्याचा तो खरखर आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. आमच्याकडे नारळ देवापुढे फोडायचा, जेवणात घालायचा नाही. इथं तो रोज सगळ्यात असायचा, आणि भात दोन्ही वेळा. सकाळी मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप. मला ते आवडायला लागलं होतं हे मी कबूल करत नसे. मला जवारीची भाकर हवी असायची, हातावर थापलेली, कडेला जराशी करपलेली, आणि वर चून म्हणजे इथलं पिठलं. मी मावशीला एकदा विचारलंही. ती म्हणाली, "इथे ज्वारी चांगली मिळत नाही." ती ज्वारी म्हणाली. मी जवारी म्हणाले होते. तिनं माझ्याकडे न बघताच आमटीत कोकम टाकलं.

काका मनानं वाईट नव्हते. फोर्टातल्या एका कचेरीत कारकून, घरी आले की टोपी खुंटीला अडकवून गमतीजमती सांगणारे. मी त्यांना एक नवी गंमत मिळाले. पाहुणे आले की मला बोलावणं व्हायचं. "इंदू, इकडे ये गं. ह्यांना सांग, कोथिंबिरीला तुमच्या गावात काय म्हणतात?" मी म्हणायची, "सांबार." पाहुणे हसायचे. "आणि बटाट्याला?" "आलू." "आणि शेताला?" "वावर." मग काका खूश होऊन मला शेंगदाणे द्यायचे आणि विचारायचे, "हे काय?" मी म्हणायची, "फल्लीदाणे," आणि पुन्हा हशा. कुणी दुष्टपणानं हसत नव्हतं, आणि तेच अवघड होतं. दुष्टपणानं हसलं असतं तर मला रागावता तरी आलं असतं. सगळे हसून निवले की मी विहिरीमागे जाऊन उभी राहायची. हे शब्द मायच्या तोंडून आले होते. ते तिनं मला नीट दिले होते, मग इथं आल्यावर त्यांना काय झालं, ते मला कळत नव्हतं.

मावशीनं काकांना कधी अडवलं नाही. तिनं दुसरंच केलं. रोज शाळेआधी माझी वेणी घालताना ती मला शिकवायची. केसांत कंगवा अडकला की थांबून म्हणायची, "मले नाही, मला. तुले नाही, तुला. मी येते. मी जाते. म्हण." मी म्हणायची. चुकले तर ती रागवायची नाही, पुन्हा कंगवा केसांत घालायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. मला नवल वाटायचं ते हे की आम्ही दोघी एकट्या असल्या तरी ती माझ्याशी आपल्या बोलीत एक शब्द बोलत नसे. मी एकदा धीर करून विचारलं, "मावशी, तुले वऱ्हाडी येतच नाई का आता?" वेणी घालणारे तिचे हात थांबले. म्हणाली, "पहिल्या दिवाळसणाला सासरचे सगळे जमलेले. मी बोलायला लागले की मुलं माझ्याभोवती बसायची, आणि मोठी माणसं त्यांना पुढे ढकलायची. वर्षभर मी तोंड उघडलं नाही. मग उघडलं ते असं." त्या दिवशी तिनं वेणी इतकी घट्ट घातली की माझे डोळे ताणले गेले.

तिनं मला फक्त शब्द शिकवले नाहीत, रीतही शिकवली. आमच्या गावात कुणाच्या घरी गेलं की कुणी विचारायचंच नाही, ताटच पुढं यायचं. भूक असली की जेवायचं, नसली तर 'नाई' म्हणायचं, आणि नाई म्हटलं की ते खरंच नाई असायचं. घरच्या माणसाला नको म्हणणं म्हणजे तर रुसणं. इथं तसं नव्हतं. शेजारच्या घरी मला लाडू विचारला आणि मी लगेच हात पुढे केला, त्याचं सुधानं घरी येऊन मोठं नाटक करून दाखवलं. मावशीनं मला समोर बसवलं. "कुणी 'आमच्याकडे ये', 'आमच्याकडे घे' म्हणालं ना, की लगेच हो म्हणायचं नाही. आधी नको म्हणायचं. ते पुन्हा विचारतात. मग घ्यायचं." मी म्हणाले, "आन पुन्हा नाई विचारलं तं?" मावशी म्हणाली, "विचारतातच." आणि खरंच विचारायचे. काका तर त्यात पटाईत. कुणी चहाला नको म्हणालं की ते मान जरा तिरकी करून हळूच म्हणायचे, "खरंच नको?" आणि पाहुणे म्हणायचे, "बरं, अर्धा कप." मला हे जमायला वेळ लागला, पण जमलं. पुढे पुढे तर विचार न करताच जमायला लागलं. मला पाणी हवं असलं तरी तोंडातून आधी नको यायचं.

घरी भाजी घेऊन यायची ती खाडीकडच्या गावातली जनाबाई. डोक्यावर टोपली, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेलं. ती आपलं आगरी बोलत यायची, बोलत जायची, आणि कोण हसतंय का हे बघायला तिला सवड नसायची. मला म्हणायची, "काय गो पोरी, बोलत नाय तू? मुकी हाय का?" मला तिचा हेवा वाटायचा. तिच्यासारखं बोलणारी माणसं कुंपणापलीकडे गाडीवर बसलेली होती, गावभर होती. माझ्यासारखं बोलणारं फक्त एक माणूस होतं, आणि ते खोबरं खवत होतं.

म्हणून मी एकटीच बोलायची. शाळेतून आलं की निवडुंगाच्या कुंपणाशी जाऊन मायशी बोलायची. "माय, आज मले गणितात पैकीच्या पैकी भेटले वं." मग मायच्या वतीनंही मीच बोलायची. "हो का वं बाई? मंग आबाले सांग ना." हे कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसभर मला, तुला, येते, जाते करून तोंड दुखायचं, आणि तिथं जाऊन मी ते सैल सोडायची. किती दिवस असं चाललं, आता सांगता येणार नाही. पण एका दुपारी मी कुंपणाशी उभी राहून म्हणाले, "माय, सुधाला ताप आलाय," आणि मनातली माय म्हणाली, "अगं, मग तिला त्रास देऊ नकोस." मी तिथंच थांबले. माझी माय कधी 'अगं' म्हणाली नव्हती. 'अवं' म्हणायची. मी पुन्हा प्रयत्न केला, तिला तिच्यासारखं बोलायला लावलं, पण ते आता मावशीच्या वेणीसारखं ओढूनताणून घातलेलं वाटायला लागलं. तिचा फोटो आमच्याकडे नव्हता. मायचं म्हणून माझ्यापाशी होतं ते तिचं बोलणंच, आणि ते माझ्याच तोंडात बदललं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. मावशीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "नको." तिनं पुन्हा विचारलं. तेव्हाही नकोच म्हणाले.

नवरात्रात इथल्या मुली भोंडला घालायच्या. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत ओळखायची. झाकलेला डबा पुढे येतो, मुली तो हलवून कान लावून ऐकतात, गोड की तिखट विचारतात, आणि पदार्थांची नावं घेत सुटतात. ज्या घरची खिरापत ओळखू येत नाही त्या घराचा मान मोठा. आमच्या गावात याच्याच सुमारास भुलाबाई असायची. हत्ती नाही, मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोबा, आणि शेवटी असाच खाऊ ओळखायचा. त्यामुळे पहिल्या वर्षी मला वाटलं, चला, हे तरी मला येतं. पण मी ज्यांची नावं घेतली, कानोले, गुलगुले, मुरमुरे, ती ऐकून फेरातल्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. कुरमुऱ्यांना मुरमुरे म्हणतात हे त्यांना इतकं गोड वाटलं की पुढे रोज कुणीतरी म्हणायचं, "ए इंदू, आता तुझं सांग." तेव्हा मात्र माझ्या एक लक्षात आलं. मुली नावं घ्यायच्या ती आपापल्या आयांच्या चुलीवरची. कुणी खांडवी म्हणायची, कुणी घावन, साताऱ्याकडून आलेली एक कडाकणी म्हणायची. डब्यात काय आहे ते कुणाला कळत नव्हतं, पण कोण कुठून आली ते सगळ्यांना कळत होतं. पुढच्या वर्षी मी माझी पाळी आली की 'खांडवी' म्हणायला लागले आणि कुणी हसेनासं झालं.

आजही दवाखान्यात नंबर लावून बसले की मी डोळे मिटून माणसं ऐकते आणि मनात म्हणते, ही सोलापूरकडची, हा मालवणचा, ही तर आमच्या अकोल्याच्या अलीकडची. सहसा चुकत नाही. माझ्याबद्दल विचारलं तर लोक म्हणतात, "तुम्ही काय, पक्क्या डोंबिवलीकर." मी हो म्हणते.

मग एका नवरात्रात आबांचं पोस्टकार्ड आलं. शाळेला सुट्टी आहे, येतो. एवढंच. पण त्याच पत्रात वर कोपऱ्यात लिहिलं होतं की आक्का, म्हणजे त्यांची मोठी बहीण, आता विधवा होऊन कायमची आमच्या घरी राहायला आली आहे. घरात बाईमाणूस आलं होतं. मी ते पोस्टकार्ड पुन्हा पुन्हा वाचलं आणि पत्र्याची पेटी पलंगाखालून बाहेर काढून पुसून ठेवली. सुधानं विचारलं, "हे काय करतेस?" मी म्हणाले, "झुरळं झाली होती."

नागपूरकडची गाडी कल्याणला थांबायची. काका मला घेऊन आबांना उतरवून घ्यायला गेले. डोंबिवलीहून कल्याणपर्यंत मी खिडकीशी बसून मनात घोकत होते. 'आबा, तुमी आले. मी कवाची वाट पाहून राह्यली.' गाडी आली. आबा उतरले. धोतर, कोट, टोपी, खांद्यावर पडशी आणि हातात पत्र्याचा एक डबा. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी तो अजून विसरले नाही. "केवढी झाली वं माय!" ते म्हणाले. शेजारी काका उभे होते. मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते असं: "आबा, प्रवास नीट झाला ना? दमला असाल तुम्ही." मला स्वतःलाच ते दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं. आबांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्यांच्याकडे एक वेगळी मराठी होती. शाळा तपासायला साहेब आले की ते ती काढायचे, ट्रंकेतून कोट काढावा तशी. ती त्यांनी काढली. म्हणाले, "हो, प्रवास उत्तम झाला. आपण... तू कशी आहेस? अभ्यास कसा चालला आहे?" मी म्हणाले, "छान चालला आहे." घरी येईपर्यंत आम्ही दोघं साहेब आणि मास्तर बोलावेत तसं बोलत राहिलो. दोघांपैकी एकालाही ते थांबवता आलं नाही.

दुपारी काकांनी जरा डोळे मिटले, सुधा शाळेत गेली होती. मी ओसरीवर बसले होते आणि स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येत होतं. आधी मला कळेचना की आत ही कोण बाई आली. "भाऊजी, तुमी तं पार वाळले ना! आक्का जेवाले घालते का नाई?" ती मावशी होती. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून न ऐकलेली बोली भांड्यातून पाणी ओतावं तशी बाहेर पडत होती, आणि ती हसत होती, मायसारखी हसत होती. बहिणी होत्या त्या, आवाज तोच होता. मी भिंतीला डोकं टेकवून ऐकत राहिले. डोळे मिटले की आत माय होती. मला आत जाऊन दोघांच्या मधे बसावंसं वाटत होतं. पण मी आत गेले की मावशी पुन्हा 'ज्वारी' म्हणेल आणि आबा पुन्हा 'उत्तम' म्हणतील हे मला माहीत होतं, म्हणून मी ओसरीवरच बसले. तेवढ्यात आबा म्हणाले, "पोरीले न्याले आलो होतो. पन तिचं बोलनं-चालनं पाह्यलं, मले वाटते तिचं इथंच बरं हाय." मावशीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तिलेच इचारा, भाऊजी." मी ओसरीवरच्या खांबाला धरून उभी राहिले. मला विचारणार होते. विचारलं की मी हो म्हणणार होते. माझं सगळं आवरून झालं होतं.

त्या संध्याकाळी भोंडला आमच्याकडे होता. मुली जमल्या, फेर झाला, आणि मावशी खिरापतीचा डबा घेऊन आली. आबांनी आणलेला तोच पत्र्याचा डबा, वर फडकं बांधलेलं. तिनं तो हलवला. आतून कोरडा, हलका, खुळखुळ आवाज आला आणि मला एकदम सगळं दिसलं. बाजरीची भरड शिजवलेलं पातेलं, त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची. छपरावर टाकलेली बाज, तिच्यावर आबांचं जुनं धोतर, त्यावर मायनं बोटांनी ओळीनं घातलेले छोटे छोटे गोळे. मी कावळे हाकलायला बसायची आणि अर्धेओले गोळेच उचलून खायची, माय खालून ओरडायची. मुली नावं घेत होत्या, खांडवी, शंकरपाळे, कडबोळी, आणि मावशी मान हलवत होती. सगळ्या हरल्या. मग मावशीनं माझ्याकडे पाहिलं. ओसरीवर आबा बसले होते, तेही पुढे झुकले. मला चव आठवत होती, धोतराचा वास आठवत होता. नाव येईना. मी तोंड उघडून उभी राहिले. "ते... उन्हात वाळवतात ते," मी म्हणाले. सुधा म्हणाली, "सांडगे?" मी मान हलवली. आबा मुलींना उद्देशून हळूच म्हणाले, "खारोड्या होत, बाई." मुलींना नाव फार आवडलं. खारोड्या, खारोड्या करत त्या डब्यावर तुटून पडल्या. आबा त्यांच्याबरोबर हसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

सकाळी ते विहिरीवर आंघोळ करून धोतर पिळत होते. मी त्यांना टॉवेल द्यायला गेले होते. काका तयार होत होते, मावशी आत दशम्या बांधत होती. आबांनी धोतर दोरीवर टाकलं, त्याच्या सुरकुत्या काढत बसले, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "इंदू, गाडीला अजून वेळ आहे. तू आमच्याकडे येतेस का?"

त्यांनी 'आमच्याकडे' म्हटलं. ते तसं का म्हणाले हे मी आयुष्यभर स्वतःला विचारलं आहे. साहेबाशी बोलायच्या मराठीत कदाचित तसंच म्हणत असतील. 'घरी येतं का वं माय' असं ते म्हणाले असते तर काय झालं असतं, कोण जाणे. पण आमच्याकडे येतेस का, हा प्रश्न मला शेजारची माणसं विचारायची, लाडूला, सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला. त्याचं उत्तर माझ्या तोंडात आधीपासून बसलेलं होतं.

"नको," मी म्हणाले.

आणि थांबले. आता ते पुन्हा विचारतील. पुन्हा विचारलं की हो म्हणायचं. मी टॉवेल हातात घट्ट धरून त्यांच्या पाठीकडे बघत उभी होते. आबांनी धोतराची शेवटची सुरकुती काढली. "बरं," ते म्हणाले. "बरं बरं. चांगलं आहे." आणि टॉवेल घेऊन आत गेले. आमच्या गावात नको म्हणजे नको असतं. लेकीनं बापाला नको म्हटलं की त्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तिला छळणं. ते त्यांच्या रीतीनं बरोबर वागले आणि मी माझ्या नव्या रीतीनं. स्वयंपाकघरातून मला ऐकू आलं, मावशीनं विचारलं, "काय म्हनली?" आबा म्हणाले, "नाई म्हनली." मावशी दारात आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आधी नको म्हणायला तिनंच मला शिकवलं होतं. तिचे ओठ हलल्यासारखे मला वाटले. मग ती वळली आणि दशम्यांची पुरचुंडी बांधायला लागली. तिला कळलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि तिनंही ते काढलं नाही. आबा गेले की तिच्याशी ते बोलणारं कुणी उरणार नव्हतं. माझ्याकडे पाहून मायची आठवण काढायला तरी मी तिथं असणार होते. तिलाही मी हवी असेन, असं आता वाटतं.

कल्याणला गाडी वेळेवर आली. आबा खिडकीशी बसले. मी म्हणाले, "सावकाश जा. पोचल्याचं पत्र टाका." ते म्हणाले, "हो, अवश्य." गाडी हलली तेव्हा त्यांनी हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि त्यांच्या तोंडातून नकळत निसटलं, "येतो मी, माय." मी तेव्हाच धावत गेले असते तर पोचले असते. पण मावशीनं मला स्टेशनात धावायचं नसतं हेही शिकवलं होतं.

काकांनी मला बाकावर बसवलं. आमची गाडी यायला वेळ होता. त्यांनी फुटाण्यांची पुडी घेतली, माझ्यापुढे धरली. मी म्हणाले, "नको." ते पुन्हा म्हणाले, "घे की गं." मी घेतले, पण खाल्ले नाहीत. काका बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "इंदू, तुला गावाला जायचं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणाले.

काकांनी मान जरा तिरकी केली. इकडची माणसं विचारतात तसं, अगदी सवयीनं, हळूच त्यांनी विचारलं, "खरंच नाही?"

एव्हाना गाडी टिटवाळ्याच्या पुढे गेली असेल. माझ्या मुठीतले फुटाणे घामानं ओले झाले होते.

"मले जाचं होतं," मी म्हणाले. "मले घरी जाचं होतं, काका."

काका त्या दिवशी हसले नाहीत.